खेळण्यातल्या रेल्वेचा रिमोट उघडता आला पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुरुस्तीच्या हक्काविषयी अलीकडे जे काही लिहिले-बोलले जाते ते मोबाईल, शेतीची अवजारे, घरगुती उपकरणे आणि मोटारी यांच्याभोवतीच फिरते. या चौकटीबाहेर राहून गेलेल्या एका वस्तूबद्दल मला लिहायचे आहे. ती वस्तू म्हणजे मॉडेल रेल्वे चालवण्याचा हातात धरायचा रिमोट. विषय किरकोळ वाटेल याची मला जाणीव आहे. परंतु उपकरण दुरुस्तीच्या व्यवसायात आयुष्य काढून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याकडे ओळखीपाळखीतून जी कामे येतात, त्यांत या रिमोटांचे प्रमाण वाढले आहे, आणि ते घेऊन येणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते, की ‘हा उघडत नाही, सुटा मिळत नाही, नवा संच घ्या’ असे दुकानदाराने सांगितले. माझे म्हणणे इतकेच आहे, की हा रिमोट उघडतो, पुष्कळदा दुरुस्तही होतो आणि तो उघडू नये अशी जी तजवीज उत्पादक करून ठेवतात, तिला धोरणातून आळा घालण्याची वेळ आली आहे.

मॉडेल रेल्वेचा छंद आपल्याकडे मोजक्या घरांत आहे हे खरे. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे आणि ते पाहून घरी परतणारी मुले आईवडिलांकडे काय मागतात हे सांगायला नको. त्यात अमेरिकेत, जर्मनीत किंवा इंग्लंडात असलेले नातेवाईक येताना बॅगेतून असे संच आणतात. पूर्वीच्या संचात टेबलावर ठेवायचा एक वजनदार ट्रान्सफॉर्मर असे आणि त्याच्या दांड्याने रुळांतला विद्युतदाब कमीजास्त करून गाडीचा वेग ठरे. त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते. हातातला रिमोट आला आणि चित्र बदलले. अमेरिकेतील लायोनेल या १९०० साली सुरू झालेल्या कंपनीने ट्रेनमास्टर ही रिमोटवर चालणारी पद्धत १९९० च्या दशकाच्या मध्यास बाजारात आणली आणि तिच्या घडणीत नील यंग या प्रसिद्ध गायकाचा मोठा वाटा होता. सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलाला स्वतःच्या हाताने गाडी चालवता यावी, या धडपडीतून त्यांनी या साधनांकडे लक्ष वळवले होते. म्हणजे ज्याला रुळांजवळ जाऊन दांडा फिरवणे शक्य नाही त्याच्या हातात गाडी द्यावी, ही या रिमोटच्या इतिहासातली एक मूळ प्रेरणा आहे. त्याची दुसरी बाजू अशी, की रिमोट गेला की इंजिन, डबे, रूळ सगळे धडधाकट असूनही खोक्यात जाते.

रिमोट उघडण्याआधी दोष खरोखर त्याच्यातच आहे की नाही हे ठरवणे आवश्यक असते आणि ही पायरी लोक हमखास गाळतात. डिजिटल पद्धतीच्या बहुतेक मोठ्या संचांत रुळांवर पूर्ण विद्युतदाब कायम असतो आणि आज्ञा त्याच रुळांतून इंजिनातल्या डिकोडरपर्यंत, म्हणजे आज्ञा ओळखून मोटर चालवणाऱ्या लहान सर्किटपर्यंत, जाते. प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो आणि नव्या इंजिनाचा तो बहुधा ३ असतो. हा क्रमांक कोणी चुकून बदलला असेल, तर रिमोट अगदी ठणठणीत असूनही इंजिन जागचे हलत नाही. म्हणून दुसरे इंजिन रुळांवर ठेवून पाहावे. रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा अवरक्त किरणांवर चालणारा असेल तर मोबाईलचा पुढचा कॅमेरा त्याच्या टोकासमोर धरून बटण दाबावे. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पडद्यावर जांभळट ठिपक्यासारखा लुकलुकला, तर निदान तेवढा भाग जिवंत आहे असे समजावे. रेडिओ लहरींवर चालणाऱ्या रिमोटला ही युक्ती लागू नाही. तिथे आधी नवे सेल घालून पाहणे हाच मार्ग. सेलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. साधा सेल दीड व्होल्टचा आणि पुन्हा चार्ज होणारा निकेल सेल १.२ व्होल्टचा असतो. तीन सेलच्या रिमोटला साडेचार व्होल्टऐवजी ३.६ व्होल्टच मिळाले, तर काही रिमोट सुरूच होत नाहीत किंवा सेल संपल्याचा लाल दिवा दाखवत राहतात. चार्जर घेऊन काटकसर करणाऱ्या सज्जन कुटुंबांवर हा प्रसंग जास्त येतो.

आता उघडण्याविषयी. सेल आधी काढावेत. सेलच्या खणातले स्क्रू दिसतात, पण एखादा मागच्या लेबलाखाली दडलेला असतो. लेबलावरून अंगठ्याचे नख फिरवले की खळगा लागतो आणि तिथेच तो असतो. काही कंपन्या इथे त्रिकोणी खाचेचा स्क्रू वापरतात. त्याचा पेचकस बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतो, पण कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेलच असे नाही, आणि सामान्य माणसाने हात लावू नये हाच त्या त्रिकोणाचा हेतू असावा असे मला वाटत आले आहे. स्क्रू निघाल्यावरही दोन्ही कवचे एकमेकांना धरून राहतात, कारण कडेने आत प्लॅस्टिकच्या नाजूक कड्या अडकवलेल्या असतात. इथे लोखंडी पेचकस खुपसला की कडेला कायमचा ओरखडा पडतो आणि कडी तुटते ती वेगळीच. बाद झालेले एटीएम कार्ड फटीत सरकवून एका कोपऱ्यापासून हळूहळू फिरवत नेले, की प्रत्येक कडी टक् असा आवाज करून सुटत जाते. शेवटची कडी सुटली म्हणून कवच झटक्याने उचलू नये. सेलच्या स्प्रिंगपासून आतल्या सर्किटच्या बोर्डापर्यंत दोन बारीक वायरी गेलेल्या असतात आणि त्या नेमक्या या क्षणी तुटतात. उघडल्याबरोबर एक फोटो काढून ठेवावा, कारण कोणती वायर कुठून वळवली होती हे तासाभराने आठवत नाही.

माझ्याकडे आलेल्या रिमोटांत सर्वांत जास्त आढळलेला दोष सेल पाझरण्याचा आहे. गाडी दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत चालते, मग खोके माळ्यावर जाते आणि सेल आतच राहतात. इथे परदेशी व्हिडिओंवर विसंबून राहिल्यास घोळ होतो. ते सगळे व्हिनेगर लावायला सांगतात आणि अल्कलाइन सेलपुरते ते बरोबर आहे, कारण त्यातून पाझरणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे अल्कधर्मी असते आणि व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने ते निष्प्रभ होते. परंतु आपल्याकडे पुष्कळ घरांत अजूनही स्वस्तातले झिंक-कार्बन सेल वापरले जातात. त्यांच्यातला रस मुळात आम्लधर्मी असतो. त्यावर व्हिनेगर लावणे म्हणजे दुखण्यात भर घालणे होय. तिथे पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा चालतो. म्हणून आधी सेलवरचे अक्षर वाचावे, मग बाटली उचलावी. हातमोजे आणि चष्मा असावा, कापसाच्या काडीने थोडेथोडे पुसावे, पाणी बोर्डावर वाहू देऊ नये, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बोर्ड पूर्ण वाळू द्यावा. पत्र्याची पट्टी वरून चकचकीत झाली म्हणजे काम संपले असेही नाही. पाझरलेला रस वायरीच्या आवरणाच्या आतून तांब्याला धरून वर चढतो. अशी वायर बाहेरून निर्दोष दिसते, पण तिचे टोक सोलले की तांबे काळे किंवा हिरवट पडलेले असते आणि त्यावर सोल्डर काही केल्या बसत नाही. अशा वेळी टोक खरवडत बसण्यापेक्षा पूर्ण वायर बदलावी. काम दोन रुपयांचे असते.

दुसऱ्या क्रमांकावर बटणे. शिट्टीचे बटण सर्वांत आधी जाते आणि ते का जाते हे ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना ठाऊक आहे. बटणांखाली रबराची एक अखंड चटई असते आणि प्रत्येक बटणाच्या पोटाशी कार्बनची काळी टिकली. बटण दाबले की ती टिकली बोर्डावरच्या एकमेकींत गुंतलेल्या दोन नक्ष्यांवर बसते आणि त्यांना जोडते. टिकली झिजली किंवा तिच्यावर हातांचा चिकटपणा, बिस्किटाचा चुरा आणि रबरातून सुटणारा तेलकट थर बसला की जोड होत नाही. मल्टिमीटरची, म्हणजे विद्युतदाब, रोध वगैरे मोजण्याच्या साधनाची, दोन टोके टिकलीवर थोड्या अंतराने टेकवली, तर चांगल्या टिकलीचा रोध काहीशे ओहमच्या आत दिसतो आणि गेलेल्या टिकलीचा कित्येक हजारांवर जातो. उपाय बहुतेकदा अल्कोहोलच्या दोन पुसण्यांत होतो. पॉलिश पेपर मात्र लावू नये. टिकलीचा आधीच पातळ झालेला थर त्याने पार निघून जातो, आणि बोर्डावरच्या नक्ष्यांना मुलामा असेल तर तोही खरवडला जातो. टिकली पार झिजलीच असेल तर जुन्या टीव्ही रिमोटच्या चटईतली टिकली कापून चिकटवता येते. पुण्याच्या जुन्या बाजारात असे रिमोट किलोवर म्हणावे इतक्या स्वस्तात मिळतात. पेन्सिलीचे शिसे घासण्याची युक्तीही प्रचलित आहे. सुट्टीचे दिवस निभावून नेण्यापुरती ती ठीक, त्यापुढे तिच्यावर भिस्त ठेवू नये.

खरी गोडी आहे ती वेगाच्या गोल खुंटीत. ही खुंटी वरून सारखीच दिसली तरी आत दोन निराळ्या जातींची असते आणि त्यांची दुखणीही निराळी. पहिल्या जातीत कार्बनच्या पट्टीवरून सरकणारा संपर्क असतो, जसा जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असे. पट्टीवर धूळ बसली की गाडी मध्येच धावत सुटते आणि लगेच मंदावते. अशा खुंटीच्या तीन पायांपैकी मधला आणि कडेचा पाय यांच्यात काट्याचा मल्टिमीटर लावून खुंटी सावकाश फिरवली, तर काटा कुठे उडी मारतो ते स्पष्ट दिसते. आकड्यांच्या मीटरवर ही उडी डोळ्यांतून निसटते, म्हणून या कामासाठी मी काट्याचा जुना मीटर जपून ठेवला आहे. फटीतून संपर्क साफ करण्याच्या स्प्रेचा एक लहान फवारा मारून खुंटी वीस-पंचवीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवली की बरेचदा काम भागते. दुसऱ्या जातीची खुंटी कितीही फिरवली तरी थांबत नाही. तिच्यात दोन संपर्क किंचित मागेपुढे जुळतात आणि त्यांतला कोणता आधी जुळला यावरून रिमोट दिशा ओळखतो. यातला एक संपर्क मळला की मोठी मौज होते, म्हणजे वेग वाढवायला खुंटी फिरवावी आणि गाडी मंदावावी. हा दोष पाहून इंजिनाची मोटर बिघडली असे ठामपणे सांगणारे लोक मला भेटले आहेत आणि त्यांतल्या एकाने मोटर बदलूनही घेतली होती.

रेडिओच्या बाजूने बिघाड कमी येतात. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या रिमोटात धातूच्या डबीतला एक स्फटिक असतो. रिमोट फरशीवर पडला तर तो आतल्या आत तडकतो आणि डबी वरून जशीच्या तशी दिसते. तो बदलता येतो, फक्त त्यावर छापलेला आकडा तोच हवा. अलीकडच्या २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटात अँटेना म्हणजे बोर्डाच्या कडेला काढलेली तांब्याची एक नागमोडी रेघ असते. तिच्यावर सोल्डर सांडू नये आणि पाझरलेला रस तिथपर्यंत पोहोचला असेल तर ती विशेष जपून पुसावी.

सगळे रिमोट दुरुस्त होतात असा माझा दावा नाही. स्वस्त रिमोटात बोर्डाच्या मध्यभागी डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका असतो आणि त्याखाली नाव-क्रमांक काहीही नसलेली चिप पुरलेली असते. ती गेली की रिमोट गेला. पण माझ्या अनुभवात चिप क्वचितच जाते. जातात त्या स्प्रिंगा, वायरी, टिकल्या, खटके आणि खुंट्या, ज्यांतली एकही वस्तू दुर्मीळ नाही. बंद करतानाची एक बाब सांगून हा भाग संपवतो, कारण दुरुस्त झालेला रिमोट पुन्हा निकामी होतो तो इथे. प्लॅस्टिकमधल्या भोकात स्क्रू सरळ पिळायला सुरुवात केली, तर तो नवीन आटे कापतो आणि दोन-चार वेळांत भोक ढिले होते. त्याऐवजी स्क्रू आधी उलटा फिरवावा. जुन्या आट्याच्या तोंडाशी आला की तो किंचित खाली बसल्याचे बोटांना जाणवते. मग सुलटा पिळावा आणि हाताला अडला की थांबावे.

हे सारे सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की या कामाला गुप्त विद्या लागत नाही हे वाचकांना आणि धोरण ठरवणाऱ्यांनाही दिसावे. ज्यांची वस्तू त्यांना हे करता येत नाही ते दोन कारणांमुळे. एक तर कवच स्क्रूऐवजी डिंकाने किंवा वितळवून सांधले जाते, आणि दुसरे म्हणजे रिमोटची कसलीही माहिती दिली जात नाही. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाने एका आयातदाराकडे केवळ इतकेच विचारले, की रिमोट आणि इंजिन यांची जोडी पुन्हा जुळवायची असेल तर कोणती बटणे एकत्र दाबायची. उत्तर आले, की रिमोट खोलला असल्याने काहीही सांगता येणार नाही. वॉरंटी संपून दोन वर्षे झाली होती. पूर्वी रेडिओच्या मागच्या झाकणावर आतून सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे आणि त्यामुळे कोणत्याही कंपनीचा धंदा बुडाला नाही.

यावर मुलांच्या सुरक्षिततेचे कारण पुढे केले जाते आणि ते मी हलके मानत नाही. बटणाएवढा सेल मुलाने गिळला तर जिवावर बेतते. सेलचे झाकण हत्याराशिवाय उघडू नये ही अट रास्तच आहे. पण ती स्क्रूने पुरी होते. तिच्या नावाखाली संपूर्ण कवच चिकटवून टाकण्याचे कारण नाही, आणि पाझरणारा सेल ज्यातून बाहेर काढता येत नाही असा चिकटवलेला डबा मुलाच्या हातात देणे हे कोणत्या सुरक्षिततेत बसते हेही कळत नाही. आता तर अनेक रिमोटांत लिथियमचा चार्ज होणारा सेल आतच बंद केलेला असतो. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीने लहान उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी असे बंधन १८ फेब्रुवारी २०२७ पासून घातले आहे. तिकडच्या ग्राहकासाठी उघडणारे कवच बनवावे लागणार असेल, तर इकडच्या ग्राहकाला तेच मिळायला हरकत कोणती?

आपल्याकडची विसंगती याहून ठळक आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांच्या अनुसूचीत खेळणी आणि विरंगुळ्याच्या साधनांचा स्वतंत्र वर्ग आहे आणि त्यात विजेवर चालणाऱ्या रेल्वेचा नावानिशी उल्लेख आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले तेव्हा मात्र शेतीची अवजारे, मोबाईल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने हे चारच वर्ग धरले गेले. म्हणजे खेळण्यातली रेल्वे मोडीत कशी काढावी याचा नियम आहे, ती चालती कशी ठेवावी याचा नाही. उत्पादन किती दुरुस्तीयोग्य आहे हे ग्राहकाला सांगणारा निर्देशांक ठरवण्यासाठी २०२४ मध्ये समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल २०२५ मध्ये आला. त्याचाही रोख प्रामुख्याने मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांवर आहे. दुसरीकडे खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेले गेले. देशी उत्पादनाला बळ मिळावे हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे. मग बाहेरून आलेला महाग संच एका झिजलेल्या टिकलीपायी टाकून देऊन तसाच दुसरा मागवावा लागणे हे त्या हेतूच्याही विरुद्ध जाते.

खेळण्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे, त्यामुळे नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. त्याच चौकटीत तीन गोष्टी जोडता येतील. कवच नेहमीच्या खाचेच्या स्क्रूंनी बांधलेले असावे, संच विकणाऱ्याने रिमोट आणि त्याची रबरी चटई विक्रीनंतर काही वर्षे सुटी उपलब्ध ठेवावी, आणि जोडी जुळवण्याची कृती व सर्किटचा नकाशा माहितीपत्रकात छापावा. यांतली पहिली सूचना अमलात आणायला उत्पादकाला नवे काही शोधायचे नाही, डिंकाऐवजी चार स्क्रू लावायचे आहेत. ग्राहक व्यवहार विभागाने खेळणी हा पाचवा वर्ग म्हणून धरावा अशी मागणी ग्राहक संघटनांनीही करावी, आणि आपल्या दैनिकाने हा प्रश्न संबंधितांपर्यंत पोहोचवावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त उपकरण तंत्रज्ञ, पुणे